समाचार आणि समाचारास जाणें

आपल्या मराठी भाषेंत ‘समाचार’ हा शब्द निरनिराळ्या अर्थांनीं चालतो. एक समाचार म्हणजे वार्ता. ती कोणीहि आणतो, कोणीहि ऐकतो, आणि ऐकून आपापल्या कामास लागतो. दुसऱ्या समाचारासाठीं मात्र ‘जावें’ लागतें. शेजारी आजारी पडला, कोणाच्या घरीं मृत्यु झाला, कोणाचें छप्पर वादळानें उडालें, म्हणजे माणसें पायांत वहाणा घालून निघतात, त्या घरच्या ओसरीवर जाऊन बसतात, फारसें बोलत नाहींत, आणि घटकाभरानें उठून येतात. यास समाचारास जाणें म्हणतात. (रागावलेले शिक्षक जो समाचार ‘घेतात’ तो तिसरा, त्याची ओळख आमच्या बालवाचकांस पुरेशी असल्यामुळें त्याविषयीं येथें लिहीत नाहीं.) पहिला समाचार कानांचा विषय होय, दुसरा पायांचा. सांप्रत घरोघर आलेल्या समाजमाध्यमांनीं पहिल्या समाचाराची अतिवृष्टि केली आहे, व दुसऱ्याचा दुष्काळ पाडला आहे. आणि हा दुष्काळ हटवावयाचा असेल तर उपाय केवळ यंत्रांत न शोधतां अंतःकरणांत शोधला पाहिजे, हें सांगण्याचा या लेखांत आमचा हेतु आहे.

प्रथम आमच्या स्वतःच्या दोषापासून आरंभ करणें उचित होईल. मागें एका पावसाळ्यांत आमच्या वर्गांतील एका विद्यार्थ्याचे वडील अकस्मात् वारले. वर्गाचा व्हॉट्सॲपवर एक गट आहे. त्यांत ही वार्ता रात्रीं आठाच्या सुमारास आली. अर्ध्या तासाच्या आंत चाळीसांवर शोकसंदेश जमले. कोणीं जोडलेल्या हातांचें चित्र पाठविलें, कोणीं मेणबत्तीचें, कोणीं नुसतीं ‘आर. आय. पी.’ हीं तीन अक्षरें. आम्हींहि दोन ओळी लिहिल्या. त्या लिहिण्यास एक मिनिटहि लागलें नसेल. आणि लिहून झाल्यावर आपलें कर्तव्य पार पडलें असें समाधान आम्हांस वाटलें, हें सांगावयास आज लाज वाटते.

बारा दिवसांनीं तो मुलगा शाळेंत आला. त्याच्या बाकावरील सोबती किंचित् सरकून बसला. काय बोलावें हें त्यास सुचेना. मधल्या सुटींत मुलगा व्हरांड्याच्या टोकाशीं एकटाच उभा होता. आम्हीं त्यास जवळ बोलावून विचारलें, “बाळ, घरीं कोण कोण येऊन गेलें?” त्यानें नातलगांचीं नांवें घेतलीं, शेजाऱ्यांचीं घेतलीं, आणि मग थोडें थांबून म्हणाला, “शाळेंतून कोणी आलें नाहीं, सर. पण मेसेज सगळ्यांचे आले.” त्याच्या बोलण्यांत तक्रार नव्हती, म्हणूनच तें आमच्या मनास अधिक लागलें. त्याचें घर शाळेपासून पायीं वीस मिनिटांच्या वाटेवर आहे.

आमचीं मुलें निष्ठुर आहेत असें कोणीं समजूं नये. त्या रात्रीं त्यांच्या मनांत कळवळा खरोखरच उत्पन्न झाला होता. परंतु कळवळ्याचा स्वभाव असा आहे कीं तो माणसास स्वस्थ बसूं देत नाहीं. ही अस्वस्थताच पूर्वीं माणसास शेजाऱ्याच्या दारापर्यंत नेत असे. आतां अंगठ्यानें एक खूण उमटविली कीं ती शमते, आणि कळवळा पायांपर्यंत पोंचण्यापूर्वींच खर्ची पडतो. पाटाचें पाणी शेतांत शिरण्यापूर्वींच फुटून ओढ्यास मिळावें, तशी ही स्थिति आहे. पाणी होतें, पीक मात्र वाळलें.

हीं साधनें आलीं कशीं, हें थोडक्यांत पाहूं. फेसबुक २००४ सालीं अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनीं काढलें. व्हॉट्सॲप २००९ सालीं निघालें, इन्स्टाग्राम २०१० सालीं. पसंती दर्शविण्याची ‘लाइक’ची कळ फेसबुकवर २००९ सालींच आली. पुढें २०१६ पासून भारतांत मोबाइलवरील इंटरनेट अतिशय स्वस्त झालें, आणि जें पूर्वीं शहरांतील सधनांच्या हातीं होतें तें खेड्यांतील गुराख्याच्या खिशांत आलें. म्हणजे आमच्या वरच्या वर्गांतील मुलांचें सारें शहाणपणाचें वय याच साधनांच्या सहवासांत गेलें आहे. यांवांचूनचें जग त्यांस ठाऊकच नाहीं. त्यांस दोष देण्यापूर्वीं पालकांनीं व आम्हां शिक्षकांनीं ही गोष्ट ध्यानांत घ्यावी.

हीं साधनें फुकट मिळतात असें आपण म्हणतों. परंतु यांपैकीं बहुतेकांच्या मालकांचें उत्पन्न जाहिरातींवर आहे. आणि जाहिरातदारास जें विकलें जातें तें आपलें लक्ष होय. म्हणून आपण पडद्यापासून उठूं नये अशीच त्यांची रचना असते. पूर्वीं पत्र संपे, वर्तमानपत्र संपे, पुस्तकाचें प्रकरण संपे. आणि संपलें म्हणजे माणूस मान वर करून घरांतील माणसांकडे पाही. आझा रास्किन नांवाच्या अमेरिकन तंत्रज्ञानें २००६ सालीं पान कधींच न संपण्याची युक्ति काढली. पुढें त्याचें त्यासच तिजविषयीं वाईट वाटलें. स्किनर नांवाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें गेल्या शतकांत कबुतरांवर प्रयोग केले होते. दाणा केव्हां मिळेल याचा नेम नसला म्हणजे कबूतर कळीवर अधिकच चिकाटीनें चोंच मारीत राहतें, असें त्यांत आढळून आलें. आपण घडोघडीं खिशांतून मोबाइल काढून पाहतों, तें याहून फारसें निराळें नाहीं. कधीं दाणा असतो, कधीं नसतो. म्हणूनच हात पुनः पुनः खिशाकडे जातो. फेसबुकचे पहिले अध्यक्ष शॉन पार्कर यांनीं २०१७ सालीं जाहीरपणें कबूल केलें कीं, लोकांचा वेळ व लक्ष होईल तितकें कसें व्यापावें हाच विचार हें साधन घडवितांना केलेला होता, आणि मानवी मनाच्या एका दुबळेपणाचा त्यांत जाणूनबुजून उपयोग करून घेतला होता.

हा दुबळेपणा कोणता? आपण कोणाच्या तरी नजरेंत असावें, ही इच्छा. ती मुळांत वाईट नाहीं. तान्हें मूल डोळे उघडतें तें आईचा चेहरा शोधीतच. परंतु दिसणें आणि ओळखलें जाणें या दोन भिन्न गोष्टी आहेत. जत्रेंत हजारों लोक आपणांस पाहतात. ओळखणारा एखादाच भेटतो. समाजमाध्यमांवर मनुष्य आपला निवडक चेहरा मांडतो. सहलीचा, सणाचा, नव्या पोशाखाचा. लोक पसंतीची खूण करतात ती त्या चेहऱ्यास. मांडणाऱ्याचें मन मात्र जाणून असतें कीं ही पसंती आपली नव्हे, आपल्या चित्राची आहे. म्हणून खुणा जितक्या अधिक मिळतात तितकी भूक वाढते. खारें पाणी पिणाऱ्याची तहान वाढावी तशी. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२५ सालीं प्रसिद्ध केलेल्या अहवालांत जगांतील दर सहा माणसांमागें एकास एकाकीपणानें ग्रासलें आहे असें म्हटलें आहे. समाजमाध्यमें हेंच त्याचें एकमेव कारण, असें आम्ही म्हणत नाहीं. स्थलांतर, दारिद्र्य, आजार, धंद्याची धांवपळ हींहि कारणें आहेत. परंतु माणसें जोडण्याची ग्वाही देत आलेल्या साधनांनीं हा एकाकीपणा हटविला नाहीं, एवढें तरी उघड आहे.

दुसरी बाजू न सांगणें अन्यायाचें होईल. २०२० सालच्या टाळेबंदींत शाळेचे दरवाजे बंद असतां आम्हीं मुलांस शिकविलें तें याच साधनांनीं. आणि रुग्णालयांत एकट्या पडलेल्या कित्येकांस घरच्या माणसांचे चेहरे दिसले तेहि यांतूनच. आखाती देशांत नोकरीस गेलेला बाप रात्रीं मुलीचा पाढा ऐकतो. जहाजावरील मुलगा आईस आपण जेवल्याचें कळवितो. जेथें पाय पोंचूं शकत नाहींत तेथें शब्द पाठवावे, हें योग्यच आहे. संत पौलानें दूरदूरच्या मंडळ्यांस पत्रेंच लिहिलीं. परंतु त्या पत्रांतूनहि भेटीची उत्कंठा तो पुनः पुनः बोलून दाखवितो. योहानाचीं दोन लहान पत्रें तर, उरलेलें समक्ष भेटींत बोलूं, अशाच आशयानें संपतात. तेव्हां दोष साधनाचा नाहीं. वीस मिनिटांच्या वाटेवरील घर आखाताइतकें दूर मानण्याचा हा दोष आहे.

यावर उपाय म्हणून ठिकठिकाणीं बंदीचा मार्ग धरलेला दिसतो. ऑस्ट्रेलियाच्या संसदेनें २०२४ सालीं कायदा करून सोळा वर्षांखालील मुलांस प्रमुख समाजमाध्यमांवर खातें ठेवण्यास मनाई केली. तो १० डिसेंबर २०२५ पासून अमलांत आला. आपल्या महाराष्ट्रांत यवतमाळ जिल्ह्यांतील बान्सी गांवच्या ग्रामपंचायतीनें २०२२ सालीं अठरा वर्षांखालील मुलांस मोबाइलबंदी करणारा ठराव केला. त्याच वर्षीं सांगली जिल्ह्यांतील मोहित्यांचें वडगांव या गांवानें निराळी वाट काढली. तेथें सायंकाळीं सात वाजतां देवळावरील भोंगा वाजूं लागला. तो वाजला कीं घरोघर टीव्ही व मोबाइल बंद करावयाचे, ते साडेआठच्या दुसऱ्या भोंग्यापर्यंत. मुलांनीं अभ्यासास बसावें, थोरांनीं वाचावें किंवा एकमेकांशीं बोलावें. आम्हांस या गांवाचें विशेष कौतुक वाटतें. बान्सीचा ठराव मुलांपुरता होता. वडगांवचा भोंगा थोरांसहि लागू होता. जो नियम बाप पाळतो तोच मुलाच्या अंगीं मुरतो.

तथापि भोंगा वेळ मोकळा करून देतो. तो कशानें भरावा हें भोंगा सांगूं शकत नाहीं. येशू ख्रिस्तानें एका घराचा दृष्टांत सांगितला आहे. त्या घरांतून अशुद्ध आत्मा निघून गेला. घर झाडून नीटनेटकें झालें, परंतु रिकामें राहिलें. तेव्हां तो आत्मा आपल्याहून दुष्ट असे आणखी सात आत्मे घेऊन परत आला. मोबाइल हिसकावून घेतलेल्या मुलांची हीच कथा आम्हीं अनेकदां पाहिली आहे. वसतिगृहांत बंदी आहे म्हणून मुलें ती पाळतात. आणि सुटींत घरीं गेलीं म्हणजे तीन महिन्यांची भूक तीन दिवसांत भागवितात. भीतीनें सोडलेली वस्तु मनांतून सुटलेली नसते. म्हणून अध्यात्माकडे वळणें प्राप्त होतें.

अध्यात्म हा शब्द मोठा आहे. आम्ही त्याचा साधा अर्थ घेतों. जेथें कोणी पाहत नाहीं तेथेंहि आपण ओळखलेले आहों, ही श्रद्धा. आणि त्या श्रद्धेंत रोज कांहीं वेळ शांत बसण्याची संवय. डोंगरावरील प्रवचनांत ख्रिस्तानें, लोकांनीं पाहावें म्हणून दानधर्म, प्रार्थना व उपवास करणाऱ्यांची कानउघाडणी केली आहे, आणि खोलीचें दार लावून गुप्तपणें प्रार्थना करण्यास सांगितलें आहे. लहानपणीं ही शिकवण आम्हांस केवळ नम्रतेची वाटे. आतां वाटतें कीं ती मोकळें करणारी शिकवण आहे. दार लावून बसलेल्या ज्या माणसाची, स्वर्गांतील पिता आपणांस पाहत आहे, अशी खात्री झाली, त्यास दार उघडल्यावर लोकांच्या पसंतीची भीक मागावी लागत नाहीं. त्याची भूक भागलेली असते. आणि पंक्तींत ज्याची भूक भागलेली असते तोच शेजारच्या पानांत काय कमी आहे हें पाहूं शकतो.

हा लाभ एकाच धर्माच्या मुलांचा आहे असें नाहीं. आमच्या शाळेंत सर्व धर्मांचीं मुलें आहेत, आणि त्या सर्वांच्या घरीं या औषधाची कुपी वडिलांनीं ठेवलेली आहे. वारीच्या वाटेवर वारकरी एकमेकांस ‘माउली’ म्हणतात व एकमेकांच्या पायां पडतात. तुमचे अनुयायी किती, असें तेथें कोणी विचारीत नाहीं. मुसलमान बांधव नमाजास खांद्यास खांदा लावून उभे राहतात. महात्मा गांधी दर सोमवारीं मौन पाळीत. ज्यांच्याकडे साऱ्या देशाचे कान लागलेले असत त्यांनाहि शब्दांपासून सुटीची गरज भासे. मार्काच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायांत ख्रिस्त अंधार असतांना उठून एकांतस्थळीं प्रार्थनेस गेल्याचें लिहिलें आहे. सर्व लोक आपणांस शोधीत आहेत, हें शिष्यांनीं सांगितलें तरी त्या कीर्तीस तो भुलला नाहीं, पुढच्या गांवांकडे निघाला. आणि पुढें थोड्याच ओळींनंतर, ज्यास कोणी शिवत नसे अशा कुष्ठरोग्यास त्यानें हात लावला. एकांत आणि स्पर्श हे दोन्ही एकाच अध्यायांत यावे, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. खरा एकांत माणसास माणसांपासून तोडीत नाहीं. तो त्यास ज्याच्याकडे कोणी जात नाहीं त्याच्याकडे पाठवितो.

आतां कोणी असा आक्षेप घेईल कीं अध्यात्म तर मोबाइलवर भरपूर आहे. रोज सकाळीं देवादिकांचीं चित्रें, शास्त्रवचनें व सुप्रभाताचीं फुलें येतात, घरबसल्या प्रवचनें ऐकावयास मिळतात. आजाऱ्यास व वृद्धास यांचा उपयोग होतो, हें आम्हांस मान्य आहे. परंतु वचन पुढें धाडणें म्हणजे वचन पाळणें नव्हे. कित्येकदां आलेलें वचन आपण वाचीतहि नाहीं. दहा जणांस पाठवितों, आणि तेहि न वाचतां आणखी दहा जणांस पाठवितात. प्रार्थना चालू असतां हात उंच करून तिचें चित्र टिपणारे आम्हीं देवालयांतहि पाहिले आहेत. प्रार्थनेसहि पसंतीच्या खुणा हव्याशा वाटूं लागल्या, म्हणजे औषधाच्या बाटलींतच रोग शिरला असें समजावें.

चांगल्या शोमरोन्याची गोष्ट आमच्या सर्व विद्यार्थ्यांस माहीत आहे. वाटेंत पडलेल्या जखमी माणसास याजकानें पाहिलें होतें, लेव्यानेंहि पाहिलें होतें. दोघांनाहि समाचार कळला होता. शोमरोन्यानें वेगळें केलें तें इतकेंच कीं तो थांबला, जवळ गेला, त्याच्या जखमा बांधल्या, त्यास आपल्या जनावरावर घालून उतारशाळेंत नेलें व खर्चासाठीं दोन नाणीं दिलीं. आपला पडदा रोज शंभर जखमी माणसें दाखवितो. शंभरांपाशीं थांबणें कोणासहि शक्य नाहीं. म्हणून न थांबण्याची संवय जडते, आणि ती संवय घेऊनच आपण स्वतःच्या गल्लींत फिरतों. शंभरांतील नव्याण्णवांसाठीं आपण प्रार्थना करावी. परंतु जो आपल्या वाटेवर पडला आहे, त्याच्यापाशीं मात्र थांबलेंच पाहिजे.

विद्यार्थ्यांस आमचें सांगणें थोडें आहे. रोज निजण्यापूर्वीं दहा मिनिटें मोबाइल दुसऱ्या खोलींत ठेवून, आपापल्या धर्माप्रमाणें देवाचें स्मरण करीत शांत बसा. पहिले कांहीं दिवस हात चुळबुळ करतील, करूं द्या. त्या शांततेंत आपल्या सोबत्यांचे चेहरे एकेक करून मनापुढें आणा. ज्या चेहऱ्यापाशीं मन अडखळेल त्यास दुसऱ्या दिवशीं जाऊन भेटा. त्यास भेटून आल्याचें कोणास कळवूं नका.

पालकांसहि एक विनंति आहे. मुलगा शाळेंतून येऊन कांहीं सांगूं लागतो, आणि वडील पडद्यावरून नजर न काढतां ‘हूं’ म्हणतात. त्या एका ‘हूं’नें मुलास जें शिकविलें जातें तें आमच्या दहा तासांनीं पुसलें जात नाहीं. जेवणाच्या वेळेपुरता तरी घरांतील प्रत्येकाचा मोबाइल बाजूस ठेवावा, आणि आरंभ घरांतील सर्वांत वडील माणसानें करावा. गांवाला भोंगा नसला तरी ताटावरची प्रार्थना भोंग्याचें काम करूं शकते.

त्या मुलाच्या घरीं आम्ही पुढल्या रविवारीं गेलों. वर्गांतील चार मुलें बरोबर होतीं. जवळजवळ तीन आठवड्यांचा उशीर झाला होता. सांत्वनाचीं कांहीं वाक्यें आम्हीं वाटेंत जुळविलीं होतीं. आंत गेल्यावर एकहि आठवलें नाहीं. मुलाच्या आईनें चहा केला. मुलानें वडिलांची सायकल दाखविली. तिची साखळी सैल झाली होती. चौघांनीं बसून ती नीट केली, हात काळे करून घेतले, आणि त्या खटपटींत तो मुलगा कित्येक दिवसांनीं मोकळेपणानें बोलला. परत येतांना, शोकसंदेश सर्वांच्या आधीं पाठविणारा एक मुलगा आम्हांस म्हणाला, “सर, काय बोलावें तें कळणार नाहीं म्हणून मी आधीं आलों नव्हतों. पण बोलावें लागलेंच नाहीं.” तेव्हांपासून वर्गांत असा नियम केला आहे कीं, कोणाच्या घरची दुःखाची वार्ता आली तर तीन दिवसांच्या आंत दोन विद्यार्थी व एक शिक्षक त्या घरीं जाऊन यावे, गटावर लिहावयाचें तें त्यानंतर लिहावें.

आमचे विद्यार्थी पुढें दूरदूर जातील, आणि आजच्याहून वेगवान साधनें त्यांच्या हातीं येतील. त्यांस जगाचा समाचार आमच्याहून लवकर कळेल यांत शंका नाहीं. तो कळल्यावर उठून जाण्याची बुद्धि परमेश्वरानें त्यांस द्यावी, एवढेंच आमचें मागणें आहे.